वहीशी जुळवलेली नदी

आमच्या घरात बाबांशी भांडायचं तर हातात आकडा घेऊन जावं लागायचं. आईने "आज फार उकडतंय" म्हटलं की ते भिंतीवरच्या तापमापकाकडे बघून "परवापेक्षा दीड अंशाने कमी आहे" म्हणत, आणि आई पदराने वारा घेत उत्तर देई, "मग हा घाम परवाचा असेल." आमचं मूळ घर देवगडकडचं, पण बाबांच्या नोकरीने आम्हाला खडवली स्टेशनपासून पाऊण तास चालत जावं लागे अशा एका नदीकाठी आणून टाकलं होतं. खात्याने दिलेल्या दोन खोल्या, मागे न्हाणीचा दगड, पुढे करंजाची झाडं, आणि झाडांच्या पलीकडे ज्या वस्तूमुळे आम्हाला पगार मिळे ती वस्तू, म्हणजे नदी. बाबांचं काम नदीची पातळी वाचण्याचं. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. जगात कोणाचंही लग्न असो, बाबा मंगलाष्टकांतून उठून नदीवर जायचे. असे ते खरोखर एकदा उठून गेले, आणि ते लग्न आईच्या सख्ख्या बहिणीचं होतं.

नदीत लोखंडी खांब रोवलेले होते. सर्वांत खालचा पात्रात, मग चढत चढत काठावर, म्हणजे पूर कितीही चढला तरी कुठला ना कुठला खांब पाण्याला टेकलेला सापडावा. प्रत्येक खांबाला पांढऱ्या मुलाम्याची पट्टी, तिच्यावर काळ्या रेघा आणि लाल आकडे. पाणी ज्या रेघेला टेकेल ती वहीत लिहायची. बस. एवढ्यावर बाबांची वीस-बावीस वर्षं गेली होती. घरात एक तक्ताही होता, जाड पुठ्ठ्याला चिकटवलेला. पातळी अमुक असेल तर नदीतून सेकंदाला पाणी किती जातंय ते त्यात बघायचं. खाली मोहने गावाच्या अंगाला शहरासाठी पाणी उचललं जायचं, त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या वहीला एकदम भाव यायचा. पट्टीवर पाणी चाळिसाच्या खाली गेलं की काठावरच्या शेतीपंपांचे फ्यूज काढून न्यायचे, असा नियम होता. चाळीस म्हणजे चाळीस सेंटिमीटर, माझ्या गुडघ्याच्याही खाली. एवढ्याशा उंचीवर कोणाची काकडी जगायची आणि कोणाची करपायची हे ठरायचं, आणि ते वाचायचे माझे वडील. आता मोबाइलवर नदीची पातळी दर तासाला कळते म्हणतात. मी डोंबिवलीत बसून कधी कधी उघडून बघतो. तीन दशांशांपर्यंत आकडा देतात. एवढं अचूक काही दिसलं की त्या खांबाला अलीकडे कोणी हात तर लावला नाही ना, हीच शंका मला पहिल्यांदा येते.

गावाला बाबा आवडत नव्हते आणि बाबांना गाव आवडत नव्हतं. दोन्ही बाजूंनी यात कधी खंड पडला नाही. गावकरी त्यांना पट्टीवाला म्हणायचे. आमच्या खोल्यांना लागून हिराबाईची वाडी होती. हिराबाई पन्नाशीची आगरी बाई, आवाज असा की तिने नवऱ्याला जेवायला हाक मारली की पलीकडच्या काठावरचे लोकही हात धुवायला उठत. पहाटे तिचा पंप सुरू व्हायचा, पाटात पाणी पडल्याचा आवाज यायचा, आणि मग तिच्या शिव्या: म्हशीला, सुनेला, बाकी कोणी नसेल तर पाण्याला. पण दर उन्हाळ्यात ती पिकून पिवळी झालेली मोठी काकडी आमच्या ओट्यावर आदळून जायची, "घे वयनी, तुजे पट्टीवाल्याला मोजाला दे," आणि आई तिची तवसळी करायची. गूळ, रवा, किसलेली काकडी, वर झाकणात निखारे. आमच्या आणि गावाच्या मधला एकमेव तह म्हणायचा तर ती तवसळी. आई अर्धी हिराबाईकडे पाठवी, आणि ती "गोर जास्त झाला" (तिच्या बोलीत बऱ्याचदा ड चा र व्हायचा) असं सांगून ताट रिकामं परत करी.

त्या वर्षी मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होतो, म्हणजे काहीच करत नव्हतो. बाबांची दाढ इतकी ठणकली की त्यांना कल्याणला आत्याकडे दोन दिवस राहून ती काढून घ्यावी लागली. जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. सुजलेल्या गालाने बोलता येत नव्हतं तरी बोललेच: "दिनकर, वाकून वाचायचं. उभ्याने वाचलंस तर आकडा चुकतो. आणि आधी नदी बघायची, मग वही उघडायची." मला वाटलं, पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला पट्टी वाचायला शिकवतायत. (पदार्थविज्ञानात मला पुढे पस्तीस मिळाले. त्यातले किती दयेचे, ते तपासणाऱ्यालाच ठाऊक.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाणी चौसष्टला होतं. वाकून वाचलं, लिहिलं. मग दुपारपर्यंत करायचं काय? ट्रकच्या टायरची एक जुनी ट्यूब होती, ती फुगवली, दोरीने पात्रातल्या खांबाला बांधली आणि तिच्यावर उताणा पडून राहिलो. खाली गार पाणी, वर करंजाची सावली. सरकारी खांबाचा याहून चांगला उपयोग कोणी केला नसेल. मला झोप लागली. जाग आली ती ट्यूब हिसके मारत होती म्हणून. प्रवाह ओढत होता, दोरी ताणली होती, आणि मी उठून खांबाला धरायला गेलो तर पट्टी माझ्या हातात आली. गंजलेले दोन्ही बोल्ट तुटले होते. माझ्या एका हातात खात्याचं मोजमाप आणि दुसऱ्या हातात ट्यूब.

आता मी काय केलं ते नीट सांगतो, कारण मला स्वतःला ते फार वर्षं फार हुशारीचं वाटत होतं. घरून वायर आणि पक्कड आणली. पट्टी खांबाला बांधायची, पण किती उंचीवर? मग सुचलं. सकाळी पाणी चौसष्टला होतं. म्हणजे आता पाण्याच्या रेघेवर चौसष्टचा आकडा आला की पट्टी जागच्या जागी. वही उघडून खात्री केली, चौसष्टची रेघ पाण्याला टेकवली, वायरचे चार वळसे दिले, पिळले. बाराचं वाचन म्हणून ऐटीत चौसष्ट लिहिलं. संध्याकाळी सहाला गेलो तर पाणी पंचेचाळीसला. उन्हाळा आहे, उतरायचंच, असं म्हणून तेही लिहिलं.

बाबा परत आले ते आधी वहीकडे, मग माझ्याकडे वळले. "एका दिवसात एकोणीस सेंटिमीटर?"

"उन्हाळा आहे ना," मी म्हणालो.

"उन्हाळा काल लागला?"

ते स्वतः नदीवर गेले, वाकले, वाचलं. पंचेचाळीस. पुन्हा वाकले. पट्टी वायरने बांधलेली त्यांना दिसली. मी सांगितलं, बोल्ट गंजून गेले होते, घट्ट केली. हे खोटं नव्हतं. बाबांच्या घरात वाढल्यामुळे खोटं न बोलता फसवण्याची विद्या मला चांगली अवगत होती. मग त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'वरच्या बाजूस अनधिकृत उपसा होत असावा.' म्हणजे गावाने नदी चोरली. त्यांच्या वहीतला आकडा चुकीचा असण्यापेक्षा अख्खं गाव चोर असणं त्यांना सहज पटलं.

दहाएक दिवसांत पाणी एकोणचाळीसला आलं. बाबांनी कळवलं, ठाण्याच्या कचेरीतून माणसं आली आणि उपशाचा शेरा गावाला ऐकवून काठावरच्या सगळ्या पंपांचे फ्यूज पोत्यात भरून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती आवाज नव्हता म्हणून. पाटात पाणी पडत नव्हतं. हिराबाईच्या शिव्याही नव्हत्या, आणि ते जास्त भीतिदायक होतं. त्या मात्र दिवस वर आल्यावर सुरू झाल्या, आणि या वेळी त्यांना नाव-पत्ता होता. गावातलं दूध बंद झालं. दुकानदार आईला सांगे, साखर संपली, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईला साखर तोलून देई. एका सकाळी दाराला शेण थापलेलं होतं. बाबांनी ते धुतलं आणि आठच्या वाचनाला वेळेवर गेले. आम्ही पिठलं आणि भाकरी खात होतो, बिनदुधाचा चहा पीत होतो, आणि आई ताट वाढताना एकच म्हणे, "तुमच्या त्या तक्त्यात बघा जरा, शेजाऱ्यांशिवाय माणूस किती दिवस राहतो."

हिराबाई आणि तिची सून हंड्याने पाणी घालत होत्या. नदीपासून वाडीपर्यंत चढ होता. भेंडी कशीबशी तग धरून होती, पण काकडीच्या वेलांची पानं दुपारी कागदासारखी वाजायची. एक दिवस बाराच्या वाचनाला बाबा वाकले असताना ती हंडा घेऊन पाण्यात उतरली. मी काठावर होतो.

"यो खडक बघ, पट्टीवाल्या," ती म्हणाली. "पानी उतरला का याची पाठ उगडी परते. माजे सासूचे वेलेपासून परते. अजून बुरलेली हाय. आन तू सांगतंस पानी नाय?"

"खडकावर आकडे आहेत का, हिराबाई?"

"आकडे नाय, पन डोले हायेत ना तुला?"

"डोळ्यांवर खातं चालत नाही."

"मंग चोर कोनाला बोललास? आँ? आमी रातचा पानी उपसतो? तू कल्यानला व्हतास त्या दिसा तर वरचे बंधाऱ्याच्या फल्या काढलेल्या, दुपारची नदी भरलेली, माजा घमेला व्हावून गेला! संध्याकाली परत फल्या टाकल्या तवा पानी उतरला. यो तुजा पोर तवा तिथंच ट्यूबवर झोपलेला. इचार त्याला."

बाबांनी मला काहीच विचारलं नाही. गावातल्या बाईच्या साक्षीवर स्वतःच्या मुलाची उलटतपासणी घेण्याइतके ते खाली उतरले नव्हते. पण मी तिथेच काठावर हिशेब जुळवला. मी पट्टी बांधली तेव्हा नदी वीतभर चढलेली होती. मी झोपेत होतो, पाण्यात होतो, मला कळलंच नाही. त्या चढलेल्या पाण्याला मी सकाळचं चौसष्ट लावलं. पट्टी एक वीत वर बसली, आणि तेव्हापासून नदी आमच्याकडे वीतभर कमी होती. खडक बरोबर होता. पाणी मुळात चाळिसाच्या खाली गेलेलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबांनी स्वतःच्या समाधानासाठी लाकडाचा ओंडका पाण्यात सोडून, ठरलेलं अंतर तो किती सेकंदांत कापतो ते घड्याळ लावून बघितलं. हिशेबाने प्रवाह तक्त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. त्यांनी तीनदा ओंडका सोडला, तिन्ही वेळा तेच. मग त्यांनी वाऱ्याला दोष दिला. इतका काटेकोर माणूस, पण खरं उत्तर तीनदा पाण्यावर तरंगत समोरून गेलं आणि वहीत नव्हतं म्हणून त्यांनी ते जाऊ दिलं. मी काठावर बसून बघत होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर काकडी वाचली असती. मी म्हणालो, "हो, वारा आहेच."

शेवटी मी ठरवलं की कबुली न देता चूक दुरुस्त करायची. भित्र्या माणसाला हा मार्ग नेहमी उदात्त वाटतो. पट्टी गुपचूप वीतभर खाली घ्यायची. उद्या पाणी वाढलेलं दिसेल, बाबा कळवतील, फ्यूज परत येतील, आणि मी मनातल्या मनात थोर ठरेन. बाबा जेवून आडवे झाले तशी भर दुपारी मी पक्कड घेऊन पाण्यात शिरलो. वायर सोडली, पट्टी खाली सरकवली, आणि मागून माझं मानगूट कोणीतरी धरलं.

"गावला!" हिराबाई ओरडली. मी आधी सांगितलंय तिच्या आवाजाबद्दल. "अरे या रे सगली! पट्टीवाल्याचा पोर पट्टी फिरवतोय! बापाने धारलाय!"

पाच मिनिटांत आमच्या दारात तीस-चाळीस माणसं जमली. मी ओला, एका हातात पक्कड, दुसऱ्यात पट्टी, मानेवर हिराबाईचा हात. बाबा बनियनवर बाहेर आले. लोक म्हणत होते, बापाच्या सांगण्यावरूनच पोरगा आकडे खाली-वर करतोय, वीस वर्षं हेच चाललं असणार. कोणीतरी म्हणालं, वही आणा, नदीत टाकू. आई दारात वही छातीशी धरून उभी राहिली. त्या वहीला एरवी ती सवत म्हणायची.

"पट्टी कधी निघाली?" बाबांनी मला विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"तुम्ही कल्याणला होतात तेव्हा. दुपारी."

"किती वाजता?"

"बाराच्या आधी. मी ट्यूब बांधलेली खांबाला."

"पुन्हा कशाच्या आधारावर लावलीस?"

"सकाळी चौसष्ट होतं ना. वहीत बघितलं आणि—"

"वहीत बघितलंस," बाबा म्हणाले, "आणि नदी तिच्याशी जुळवलीस."

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी वही आईकडून घेतली, दिवस मोजले. एकवीस. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते पट्टीवर चिखल साचला की बघत. "आत जा. कपडे बदल. सहाचं वाचन मी घेईन." त्या दिवसानंतर त्यांनी मला पट्टीला हात लावू दिला नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या कुठल्याच शब्दावर पुरता विश्वास ठेवला नाही. माझ्या लग्नात त्यांनी मुहूर्ताची वेळ भटजींना पुन्हा विचारून घेतली, कारण पत्रिका छापून आणायचं काम मी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून साहेब आले. तरुण होते, स्वभावाने वाईट नव्हते. तिपाईवर दुर्बिणीचं यंत्र लावून त्यांनी काठावरच्या दगडात कोरलेल्या खुणेवरून पट्टीची खरी जागा काढली. खांबावरच्या माझ्या वायरच्या ओरखड्यांवरून फरक निघाला एकोणीस सेंटिमीटर. फ्यूज परत करायचा निरोप त्यांनी लगेच धाडला. मग चहा घेता घेता बाबांना म्हणाले, "हे बघा, सोपं आहे. प्रत्येक वाचनात एकोणीस मिळवा, कोरी वही देतो, एका बैठकीत उतरवून काढा. हा शेराही गाळा. कोणाला काही कळणार नाही."

"मला कळेल," बाबा म्हणाले.

"अहो, तुम्ही 'चुकीचं' असं लिहिलंत तर एकवीस दिवसांवर थांबणार नाही ते. वरचे म्हणतील, याआधी कशावरून बरोबर होतं? तुमच्या सगळ्या वर्षांवर प्रश्नचिन्ह लागेल."

"लागू दे. ते योग्यच होईल. मी ती पट्टी रोज तीनदा बघत होतो आणि मला दिसलं नाही."

बाबांनी मला समोर बसवलं आणि लाल पेन्सिल दिली. प्रत्येक वाचनापुढे लिहायचं: 'पट्टी सरकलेली. नोंद विश्वासार्ह नाही.' खाली माझं पूर्ण नाव. एकवीस दिवसांची वाचनं, एकेक करून. हात दुखायला लागला तेव्हा मी 'वरीलप्रमाणे' लिहू का विचारलं. ते म्हणाले, "वाचनं वेगवेगळी घेतली होती." उपशाच्या शेऱ्यावर मात्र त्यांनी स्वतः काट मारली आणि स्वतःची सही केली. साहेबांचा अंदाज खरा ठरला. वर्षभरात त्या ठिकाणाच्या सगळ्या जुन्या नोंदींवर 'संशयास्पद' असा शिक्का बसला, ठिकाण बंद झालं, आणि बाबांची उरलेली नोकरी ठाण्याच्या कचेरीत टपाल नोंदवण्यात गेली. तिथेही ते पाकिटावर पोचल्याची वेळ मिनिटासकट लिहायचे, आणि तिथले लोक हसायचे.

पण हे पुढचं. त्या दिवशी लाल पेन्सिल संपेपर्यंत सहा वाजत आले होते. बाबांनी सदरा घातला, वही काखेत घेतली आणि मला म्हणाले, "चल." मला वाटलं नदीवर. ते वळले हिराबाईच्या वाडीकडे. फ्यूज येऊन पंप सुरू झाला होता, भेंडीच्या सऱ्यांतून पाणी सरकत होतं. काकडीचे वेल मात्र तिने उपटून बांधावर टाकले होते, मोठा ढीग होता. ती पाटात अनवाणी उभी होती, हातात फावडं. आम्हाला बघून तिने पंप बंद केला नाही, त्यामुळे बाबांना आवाज चढवून बोलावं लागलं. मी त्यांना गावातल्या कोणाशी तसं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"हिराबाई," ते म्हणाले, "नदीत पाणी होतं. मी तपासून घेतलंय."

तिने फावड्याने बांध फोडला, पाणी पुढच्या सरीत सोडलं आणि मग वर बघितलं.

"मला म्हाइतच होता," ती म्हणाली. "तुला कोनी सांगितला?"